भाषा बदलली की दप्तराचे काय होते?

संगणकावर किंवा हातातल्या छोट्या यंत्रावर खेळ खेळणाऱ्या मुलाच्या मनात एक शंका हटकून येते. आठवडाभर खपून त्याने खेळाचे वीसएक टप्पे ओलांडलेले असतात, काही हत्यारे व नाणी गोळा केलेली असतात, आणि हा सारा डाव यंत्राने जतन करून ठेवलेला असतो. खेळातील सूचना इंग्रजीत आहेत. त्या हिंदीत झाल्या तर बरे, म्हणून तो भाषेच्या सेटिंगपर्यंत जातो आणि तेथे त्याचे बोट अडखळते. भाषा बदलली तर जतन केलेला डाव नाहीसा तर होणार नाही ना?

ही शंका दिसते तितकी पोरकट नाही. कचेऱ्या, न्यायालये, तीर्थोपाध्ये आणि जुनी घराणी यांच्यापुढे ती दीड-दोनशे वर्षे निरनिराळ्या वेषांत उभी राहिलेली आहे. लिहिताना एक भाषा किंवा लिपी चालू होती; मध्येच दुसरी आली; मग आधी लिहून ठेवलेल्याचे काय झाले? या प्रश्नाचा अभ्यास करण्यास वाराणसीइतके सोयीचे गाव क्वचितच सापडेल.

प्रथम खेळाचेच पाहू. जतन केलेल्या डावात बहुधा शब्द नसतातच. खेळाडूजवळ तलवार आहे, ही गोष्ट यंत्र 'तलवार' असे लिहून ठेवीत नाही. 'वस्तू क्रमांक ४७, नग १' अशा स्वरूपात ठेवते. सत्तेचाळीस म्हणजे काय, हे सांगणारा कोश वेगळा असतो, आणि तो प्रत्येक भाषेचा स्वतंत्र असतो. इंग्रजी कोश बाजूला सारून हिंदी कोश उघडला की त्याच सत्तेचाळीसला दुसरे नाव लाभते. डाव आपल्या जागी सुखरूप राहतो. रचना अशी असेल तर भाषा बदलणे म्हणजे दुकानाची पाटी बदलणे. आतल्या मालाला हात लागत नाही.

पण सगळेच रचनाकार इतके दूरदर्शी नसतात. एखाद्याने क्रमांकाऐवजी नावच नोंदवले, तर भाषा बदलल्यावर यंत्र 'सोर्ड' शोधीत बसते आणि कोशात 'तलवार' असते. एकाच खेळाच्या अमेरिकन, युरोपीय व जपानी आवृत्त्यांना निरनिराळे क्रमांक दिलेले असल्याने प्लेस्टेशनसारख्या यंत्रावर एका आवृत्तीचा डाव दुसरीला ओळखताच आला नाही, असेही पुष्कळदा झालेले आहे. सर्वांत बोधप्रद उदाहरण जपानमध्ये १९९६ साली निघालेल्या 'पोकेमॉन' या खेळाचे. त्यात दोन गेम बॉय यंत्रे तारेने जोडून खेळाडू आपापल्या प्राण्यांची देवघेव करीत. जपानी आवृत्तीत नावाला पाच अक्षरांची जागा होती; इंग्रजीत पाच अक्षरे पुरत नाहीत म्हणून प्राण्याच्या नावाला दहा अक्षरांची जागा ठेवली. एवढ्या एका फरकाने पुढच्या सगळ्या माहितीची घरे सरकली. जपानी आणि इंग्रजी यंत्रे एकमेकांना जोडली तर एक जेथे नाव संपले असे समजे, तेथे दुसऱ्याचे नाव अजून चालूच असे. आणि देवघेवीत दोन्हीकडचा साठा बिघडे. येथे कोणी काही पुसले नव्हते. वाचणाऱ्याची मोजपट्टी तेवढी बदलली होती. २०१३ साली याच मालिकेत आलेल्या खेळांत आरंभी भाषा निवडण्याची मुभा मिळाली, पण एकदा निवडलेली भाषा त्या डावात पुढे बदलता येत नसे. निर्मात्यांना जुनी ठेच आठवत असावी, असे म्हणावयास हरकत नाही.

आता वाराणसीकडे वळू. २४ मे १९५६ रोजी या शहराचे अधिकृत नाव बनारसऐवजी वाराणसी झाले. रेल्वेच्या पाट्या बदलल्या, टपालाचे शिक्के बदलले. तरीही वाराणसी जंक्शनचा रेल्वेतील संकेत आजही 'बीएसबी' हाच आहे. तिकीट काढणाऱ्याला समोर वाराणसी दिसते. हिशेब ठेवणारे यंत्र आत बीएसबी म्हणते, आणि दोघांचेही समाधान होते. खेळातील सत्तेचाळीस क्रमांकाची तलवार ती हीच. याच्या उलट तऱ्हा गंगेपलीकडे मुगलसरायची. २०१८ साली त्या स्थानकाला पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन हे नाव दिले, तेव्हा 'एमजीएस' हा संकेतही गेला आणि 'डीडीयू' आला. पाटीबरोबर किल्लीही बदलली. असे करता येत नाही असे नाही; पण मग जेथे जेथे जुनी किल्ली लिहून ठेवली असेल, ते प्रत्येक वेळापत्रक, प्रत्येक कोष्टक आणि प्रत्येक हिशेब शोधून दुरुस्त करावा लागतो. पुढे २०२१ साली मंडुवाडीह स्थानकाला 'बनारस' हे नाव मिळाले. त्यामुळे काशी, वाराणसी आणि बनारस अशा तिन्ही नावांची निरनिराळी स्थानके या एका नगरात झाली आहेत. नवख्या प्रवाशाने तिकिटावरील नावापेक्षा संकेत पाहून घ्यावा, हे बरे.

स्थानकांची गोष्ट सोपी आहे. कारण तेथे नाव एक आणि वस्तू एक. न्यायालयाच्या दप्तरात हजारो माणसांची नावे, शेतांच्या सीमा, कर्जे, दत्तकविधाने, वाटण्या नोंदलेल्या असतात, आणि त्यांना क्रमांकाची किल्ली नेहमी नसते. तेथे भाषा बदलली की काय होते, याचे दोन प्रयोग या प्रांतात झाले. पहिला १८३७ चा. त्या वर्षीच्या कायद्याने महसूल व न्याय यांच्या कामकाजातून फारसी काढून तिच्या जागी देशी भाषा आणण्याची वाट मोकळी झाली. वायव्य प्रांतात जी देशी भाषा आली ती हिंदुस्थानी, म्हणजे कचेरीतील उर्दू. लिपी मात्र फारसीच राहिली. त्यामुळे कारकुनाला जुने दप्तर उघडताना अडचण पडली नाही. अक्षरे तीच होती, मुद्दई, दस्तऐवज, इकरार हे शब्दही बहुतेक तेच होते. वाक्याच्या शेवटची क्रियापदे तेवढी बदलली. जुने चालू राहिले, पण ज्याच्यासाठी बदल करावयाचा त्या रयतेला मात्र कागद पूर्वीइतकाच परका राहिला.

या परकेपणाविरुद्ध बनारसमधूनच आवाज उठला. राजा शिवप्रसाद 'सितारेहिंद' यांनी १८६८ मध्ये कचेरीच्या लिपीसंबंधी सरकारला निवेदन केले. १६ जुलै १८९३ रोजी क्वीन्स कॉलेजातील श्यामसुंदर दास, रामनारायण मिश्र व शिवकुमार सिंह या विद्यार्थ्यांनी नागरी प्रचारिणी सभा स्थापन केली. पंडित मदनमोहन मालवीयांनी १८९७ मध्ये न्यायालयीन लिपीवर एक सविस्तर ग्रंथ सिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने एक शिष्टमंडळ उपराज्यपाल अँटनी मॅक्डॉनेल यांस भेटले. अखेर १८ एप्रिल १९०० रोजी ठराव निघाला.

या ठरावावर पुष्कळ वादविवाद झाला. हिंदी-उर्दूच्या पुढील तंट्याचा तो एक उगम मानला जातो, आणि ते खरेही आहे. परंतु दप्तराच्या दृष्टीने पाहिले तर त्यात एक शहाणपण होते, ते वादाच्या धुरळ्यात झाकले गेले. ठरावाने फारसी लिपी काढून टाकली नाही. अर्ज वा फिर्याद नागरीत किंवा फारसी लिपीत, ज्याला जी येते तीत, देण्याची मुभा दिली. समन्स, जाहीरनामे आदी लोकांकडे जाणारे कागद दोन्ही लिप्यांत काढावेत असे ठरविले. आणि केवळ इंग्रजीत काम चालणाऱ्या कचेऱ्या सोडल्यास, यापुढे ज्याला दोन्ही लिप्या सफाईने वाचता-लिहिता येत नाहीत त्याला कारकुनी जागेवर नेमू नये, अशी अट घातली. या तिसऱ्या कलमाचे मोल मोठे आहे. नवी भाषा चालू करणाऱ्याला सहसा नव्याचीच काळजी असते. जुने कोण वाचणार, ही चिंता तो पुढच्या पिढीवर सोडतो. येथे मात्र माणूस हाच दोन लिप्यांमधील पूल नेमला गेला. ठराव झाला म्हणून कचेऱ्या रातोरात बदलल्या नाहीत, नागरी अर्जांची संख्याही झपाट्याने वाढली नाही. पण त्या संथपणाने दप्तराचे काही बिघडले नाही.

बिघडले ते नंतर, दोन्ही लिप्या जाणणारा कारकून सेवानिवृत्त झाला तेव्हा. १९५१ च्या राजभाषा कायद्याने उत्तर प्रदेशात देवनागरीतील हिंदी ही राज्याची भाषा झाली, आणि नव्या पिढीला फारसी लिपी शिकण्याचे कारण उरले नाही. वाराणसीत शतकापूर्वीच्या खरेदीखतावर आज वाद उभा राहिला, तर वकिलाला प्रथम ते वाचणारा माणूस शोधावा लागतो. त्यातही कागद शिकस्ता वळणात असेल तर पंचाईत आणखी वाढते. फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. शिकस्ता लिहिणारा घाईत नुक्तेही गाळतो. 'बनारस' हा शब्दच घ्या. त्यातील पहिली दोन अक्षरे, बे आणि नून, जोडून लिहिली की दोघांचाही आकार एकाच लहानशा दाताचा होतो. फरक फक्त नुक्त्याचा, एकाचा खाली, दुसऱ्याचा वर. नुक्ते गेले की दोन दात तेवढे उरतात. बनारस हे नाव प्रसिद्ध असल्याने वाचणारा अंदाजाने ओळखतो. पण एखाद्या खेड्याचे किंवा सामान्य शेतकऱ्याचे नाव असेल तर अंदाज कशाच्या आधारे करावयाचा? आणि एका अंदाजावर अर्धा बिघा इकडचा तिकडे होऊ शकतो.

काशीतील मराठी माणसाला ही अडचण दुसऱ्या वाटेने ठाऊक आहे. सोळाव्या शतकातील नारायण भट्टांपासून या नगरात महाराष्ट्रीय घराणी नांदत आली. शिवछत्रपतींना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्याच कुळातले. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगेचा परिसर हे मराठी वस्तीचे जुने भाग. बोलणे घरात मराठी, बाजारात हिंदी, पाठशाळेत संस्कृत अशी त्रिवेणी येथे सहज चाले. बाबूराव विष्णु पराडकर १८८३ मध्ये अशाच मराठी घरात जन्मले आणि 'आज' या हिंदी दैनिकाचे संपादक म्हणून साऱ्या उत्तर भारताला परिचित झाले. अशा घरांतील आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतील जुने मराठी लेखन मात्र मोडीत आहे. यात्रेला आलेला गृहस्थ उपाध्यायाच्या वहीत आपले नाव, गाव, आडनाव, वडील-आजोबा, मुलेबाळे, सोबत आलेली माणसे आपल्या हाताने लिहून जाई. पुढची पिढी आली की तीच वही उघडून तिच्यात भर घाली. क्रमांकाची किल्ली येथेही नाही. कूळ आणि गाव हीच किल्ली.

मुंबई इलाख्याने १९१७ साली कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध पत्करली. शाळांतून मोडी त्यानंतरही काही दशके शिकवली जात होती, मग तीही थांबली. आज साताऱ्याहून किंवा इंदूरहून काशीस गेलेल्या माणसापुढे उपाध्याय पणजोबांच्या हातची ओळ धरतात, आणि तो ती आदराने न्याहाळतो. वाचू शकत नाही. भाषा तीच, घराणे तेच, शाईही अजून काळी आहे. लिपीची सेटिंग तेवढी बदललेली आहे.

मोडीचे बाळबोध करणे हे अक्षराला अक्षर ठेवण्याइतके सरळ काम नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी व उकार यांचा भेद सामान्यतः पाळत नाहीत. 'दिन' आणि 'दीन' एकसारखेच दिसतात. शब्दांमध्ये जागा सोडण्याचीही चाल नव्हती. ओळ आधी आखून तिला अक्षरे लोंबकळवीत लेखक हात न उचलता पुढे जाई. म्हणजे बाळबोध प्रत करणाऱ्याला मूळ कागदात नसलेल्या दोन गोष्टी पदरच्या घालाव्या लागतात: शब्द कोठे तुटतो आणि स्वर ऱ्हस्व की दीर्घ. प्रत वाचणाऱ्याला वाटते की हे सारे कागदातच होते. पुण्याच्या पेशवे दप्तरातील हजारो रुमालांवर काम करणाऱ्यांना हा धोका चांगला ठाऊक असतो. घरगुती वंशावळ्या तयार करणाऱ्यांना तो ठाऊक नसतो. म्हणून आडनावांच्या नवलकथा निर्माण होतात.

ओघात एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. शब्दांचा कोश वेगळा ठेवून कारभाराची भाषा बदलण्याचा एक मोठा प्रयत्न मराठ्यांनी सतराव्या शतकातच केला होता. रघुनाथ पंडितांच्या नावावर असलेला 'राजव्यवहारकोश' म्हणजे फारसी संज्ञेसमोर संस्कृत संज्ञा मांडणारी यादी. आजच्या खेळांत प्रत्येक भाषेची जी यादी असते तिच्याच जातीची. कोश सिद्ध झाला, तरी दप्तरातून फारसी शब्द पुरते गेले नाहीत, हेही इतिहासाला धरून आहे. फिर्याद, वकील, दस्तऐवज आपण अजून वापरतोच.

कागदाचे दिवस सरले म्हणून अडचण सरली, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. विसाव्या शतकाच्या शेवटी कचेऱ्यांत संगणक आले, तेव्हा त्यांना देवनागरी येत नव्हती. मग युक्ती केली गेली. उत्तर प्रदेशातील कचेऱ्यांत आणि टंकलेखकांच्या टपऱ्यांवर 'कृतिदेव' या नावाचा फॉन्ट घरोघरचा झाला. यात संगणक साठवतो इंग्रजी अक्षरेच. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. 'राम' लिहिले की आत जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरे जमा होतात. 'काशी' लिहिले की डी, के, एक स्वल्पचिन्हासारखी वरची खूण, पुन्हा के आणि एच. यातील मौज अशी की पहिला 'के' हा 'का' मधला काना आहे, तर दुसरा 'के' हा 'श' चा उभा दांडा. टंकलेखन यंत्राला दोन्ही दांडे सारखेच होते, म्हणून ही सोय झाली. पाहणाऱ्याच्या डोळ्याला काही फरक नाही; पण ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तेथे 'काशी' नाहीशी होते आणि इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन पुंजका उरतो. महाराष्ट्रात 'श्रीलिपी' आणि तिच्यासारख्या इतर फॉन्टांनी हेच काम केले. प्रत्येकाची संकेतांची वाटणी वेगळी. त्यामुळे एकातील मजकुराला दुसरा फॉन्ट लावला तर अक्षरे देवनागरी दिसतात, पण भाषा कोणतीच राहत नाही.

युनिकोडमध्ये ही वाटणी जगभर एक केलेली आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला तीत स्वतःची घरे आहेत. 'क' चा क्रमांक २३२५, मग फॉन्ट कोणताही असो. मोडीलाही २०१४ मध्ये तेथे जागा मिळाली. प्रश्न राहिला तो जुन्या फाइलींचा. कृतिदेवातून युनिकोडमध्ये जाताना प्रत्येक दांडा काना आहे की 'श' चा अवयव, हे मागचे चिन्ह पाहून ठरवावे लागते. ऱ्हस्व वेलांटी तर जागाच बदलते. 'शिव' मध्ये ती डोळ्याला आधी दिसते, म्हणून कृतिदेवात ती आधी साठवलेली असते. युनिकोड उच्चाराचा क्रम धरते, म्हणून ती 'श' च्या नंतर यावी लागते. रूपांतर करणारी साधने मिळतात आणि ती बहुतेक काम बरोबर करतात. पण जोडाक्षरात, रफारात किंवा मजकुरात मध्येच आलेल्या खऱ्या इंग्रजी शब्दांत ती चुकतात. आणि न्यायालयीन कागदात चूक बहुधा नावातच सापडते.

यातून कचेरीने आणि घराने काय करावे, ते फार अवघड नाही. जुनी फाइल रूपांतरित झाल्यावर पुसू नये. मूळ तशीच ठेवून तिच्यावर फॉन्टचे नाव लिहून ठेवावे, कारण फॉन्टचे नाव हरवले की उलगडण्याची किल्लीच हरवते. खेळाची भाषा बदलणाऱ्या मुलालाही हेच सांगावे: आधी जतन केलेल्या डावाची एक प्रत बाजूला ठेव, मग खुशाल बदल. जेथे शक्य असेल तेथे वस्तूला भाषेवर न अवलंबणारा क्रमांक असावा. उत्तर प्रदेशाच्या भूमिलेखांत आता शेताच्या प्रत्येक गाट्याला सोळा अंकी संकेत दिला जातो. त्यातील आरंभीचे आकडे गावाचे असतात, त्यानंतर गाट्याचा क्रमांक येतो. गावाचे नाव उद्या बदलले, खतौनी दुसऱ्या लिपीत छापली, तरी ते सोळा अंक शेताला सोडणार नाहीत.

माणसाच्या नावाला मात्र असा आसरा नाही. खेळातसुद्धा सर्व भाषांचे कोश तयार असतात, पण खेळाडूने स्वतः टाइप केलेले नाव कोणत्याच कोशात नसते. ते जसे लिहिले तसेच राहते, आणि नव्या भाषेच्या अक्षरसंचात ती अक्षरे नसतील तर त्याजागी रिकामे चौकोन दिसतात. म्हणून वही असो वा संगणक, नावासाठी दोन रकाने हवेत: एकात आजच्या लिपीतील वाचन, दुसऱ्यात मूळ लिपीतील अक्षरे किंवा त्यांचे छायाचित्र, आणि वाचन कोणी व कोणत्या वर्षी केले, तेही शेजारी लिहिलेले असावे. मोडी वाचणारी माणसे आज थोडी असली तरी आहेत, आणि मोडीचे वर्गही चालतात. काशीच्या वह्यांतील ओळी जोवर त्यांच्या डोळ्यांखालून जात आहेत, तोवरच हा पहिला रकाना भरून घेता येईल.